३३ फुटांची साइट, ४० फुटांची मोटरहोम: एका कॅम्पग्राउंडच्या अपग्रेडचं प्रकरण

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका काउंटीचं तळ्याकाठचं पार्क, नाव-गाव मुद्दाम सांगत नाही. तिथं ४८ साइट्सचं कॅम्पग्राउंड, ए आणि बी असे दोन लूप, प्रत्येकात २४ साइट्स. बांधलं १९६०च्या दशकात, पण आखणी त्याहून जुन्या पद्धतीची. ही पद्धत कुठून आली ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढची भानगड कळणार नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्यात एमिलिओ माइनेकी नावाचे एक शास्त्रज्ञ होते, मुळात झाडांच्या रोगांचे तज्ज्ञ. लोक गाड्या घेऊन जंगलात कुठंही घुसतात, झाडांच्या मुळांवरून चाकं फिरतात, माती दबते आणि झाडं मरतात हे त्यांनी दाखवून दिलं आणि त्यावर उपाय म्हणून वन-वे लूप रस्ता, रस्त्याला लागून गाडी उभी करायला छोटे फाटे, आणि गाडी फाट्याबाहेर जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना दगड-ओंडके अशी आखणी सुचवली. उपाय इतका चालला की पुढची कित्येक दशकं कॅम्पग्राउंड तशीच बांधली गेली.

म्हणजे रस्ता अरुंद ठेवणं, वळणं घट्ट ठेवणं, गाडीला हलायला जागाच न देणं हा त्या डिझाइनचा दोष नव्हता, तोच तर हेतू होता. फक्त गाडी कुठली तर त्या काळची सेडान, फार तर मागे छोटा ट्रेलर.

आता तिथं येते मोठी क्लास ए मोटरहोम, म्हणजे बसएवढं चालतं घर. लांबी ३५ ते ४५ फूट, रुंदी साडेआठ फूट, उंची एसीसकट १३ फुटांच्या आसपास, दोन्ही अंगांनी तीन-तीन फूट बाहेर येणाऱ्या स्लाइड-आउट खोल्या, आणि मागे टो बारला लावलेली एक छोटी कार. सगळं धरून ६० फुटांचं प्रकरण.

अडचण नेमकी काय होती

काउंटीनं आमच्या कन्सल्टंट ऑफिसला बोलावलं तेव्हा त्यांच्याकडे कामाची यादी तयारच होती: सगळ्या ४८ साइट्सना ५० अँप वीज आणि सगळे पॅड, म्हणजे गाडी उभी करायच्या सपाट जागा, ६० फूट. पार्क बोर्डात ते जवळपास ठरलंच होतं. तक्रारींचा गठ्ठा पाहिला तर असं वाटणं साहजिकही होतं, कारण लोक लिहीत होते की साइट लहान आहे, वीज जाते, झाडाची फांदी लागून छतावरच्या एसीचं कव्हर तुटलं, वगैरे.

पण तक्रारी नीट वेगळ्या केल्या तर त्या एका जागच्या नव्हत्या. काही खरंच पॅडच्या लांबीच्या होत्या. बऱ्याचशा पॅडपर्यंत पोचण्याच्या होत्या, म्हणजे वळणावर पेडेस्टल (वीज-पाण्याच्या जोडणीचा खांब) वाकला, मागचा कोपरा झाडाला घासला, मागे घेताना समोरच्या साइटचं पिकनिक टेबल उडालं असल्या. आणि जुलैतल्या बहुतेक सगळ्या विजेच्या.

आणखी एक गोष्ट बाहेर आली जी कुणी तक्रार म्हणून लिहिलेलीच नव्हती. रिझर्व्हेशनच्या सिस्टीममध्ये बऱ्याच साइट्सची लांबी ४० फूट अशी भरलेली होती. ती कुठून आली तर एका जुन्या नकाशावरून, आणि त्या नकाशात माप रस्त्याच्या मध्यापासून घेतलेलं. टेप लावून रस्त्याच्या कडेपासून मागच्या ओंडक्यापर्यंत मोजलं तर बी लूपमधल्या बहुतेक साइट्स ३३ च्या आसपास भरल्या. म्हणजे माणूस ३८ फुटांची गाडी घेऊन प्रामाणिकपणे ४० ची साइट बुक करून येतोय आणि त्याचं तोंड रस्त्यात राहतंय. यात त्याची काय चूक?

म्हणून एकही खड्डा खणायच्या आधी पहिलं काम केलं ते सगळ्या साइट्स पुन्हा मोजून सिस्टीममधले आकडे बदलण्याचं. त्याला खर्च जवळजवळ नव्हता आणि तक्रारींचा एक मोठा भाग तिथंच कमी झाला. मला विचाराल तर कुठल्याही कॅम्पग्राउंडनं कन्सल्टंटला फोन करायच्या आधी हे करावं, आमचा धंदा थोडा बुडेल पण चालेल.

विजेचा हिशोब

बोर्डातल्या लोकांचा समज असा होता की ३० अँपचं सॉकेट काढून ५० चं बसवायचं, म्हणजे २० अँप वाढले, दीडपटीहून थोडं जास्त. तसं नसतं. ३० अँपचं सॉकेट १२० व्होल्टच्या एकाच लाइनचं असतं, म्हणजे ३,६०० वॉट. ५० अँपच्या सॉकेटला चार पिना असतात आणि त्यात १२० व्होल्टच्या दोन लाइन येतात, प्रत्येकी ५० अँप, म्हणजे १२,००० वॉट. तिपटीहून जास्त. मोठ्या मोटरहोमला दोन-तीन एसी असतात, ते ३० अँपवर एकत्र चालत नाहीत म्हणून लोकांना ५० हवं असतं.

अमेरिकेतल्या विजेच्या कामाचे नियम म्हणजे नॅशनल इलेक्ट्रिकल कोड, त्याच्या ५५१ व्या आर्टिकलमध्ये हा हिशोब कसा करायचा ते दिलंय. सगळे एकाच वेळी पूर्ण लोड घेत नाहीत असं धरून साइट्सच्या संख्येप्रमाणे टक्के कमी होत जातात. जुन्या बी लूपच्या २४ साइट्स गुणिले ३,६००, त्याचे ४३ टक्के, भागिले २४० व्होल्ट, आले साधारण १५५ अँप. तिथं लूपला वीज आणणारी लाइन, म्हणजे फीड, २०० अँपची होती, कागदावर बरोबर. आता बोर्डाच्या मनातली योजना घ्या: ४८ साइट्स गुणिले १२,०००, ३६ किंवा जास्त साइट्स असल्या की ४१ टक्के, भागिले २४०, आले ९८४ अँप. म्हणजे दोन्ही लूप मिळून हजार अँपची सर्व्हिस (वीज कंपनीकडून येणारं मुख्य कनेक्शन), नवा ट्रान्सफॉर्मर, सगळ्या केबल नव्या, आणि त्यासाठी अख्ख्या कॅम्पग्राउंडमधून झाडांच्या मुळांमधून चर. हा आकडा बोर्डाच्या मीटिंगमध्ये फळ्यावर लिहिला तेव्हा खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही.

जुलैचा त्रासही त्यातच होता. बी लूपच्या शेवटच्या पेडेस्टलवर गरम शनिवारी संध्याकाळी मीटर लावला तर १०६ व्होल्ट दाखवत होता. लांब केबल, जुनी ॲल्युमिनियम वायर, वर सगळ्यांचे एसी. व्होल्टेज पडलं की एसीचा कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो, तापतो, आणि कधी कायमचा जातो. ज्यांच्या गाडीत चांगला सर्ज प्रोटेक्टर असतो त्यांचा तो १०४ च्या आसपास आला की वीज तोडून टाकतो, म्हणून ते लोक म्हणायचे ‘तुमची वीज जाते’. ज्यांच्याकडे नसतो त्यांना काही कळायचं नाही, घरी गेल्यावर एसीवाल्याचं बिल येईपर्यंत.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय बोर्डाचाच, सगळं मोठं करा. वर सांगितलेली वीज तर होतीच, पण ए लूप तळ्याच्या उताराला आहे, तिथं ६० फुटांचा सपाट पॅड करायचा तर डोंगर कापल्यासारखं काम करावं लागलं असतं आणि तंबूवाले लोक तिथंच येतात, सावलीसाठी. हा पर्याय गेला.

दुसरा, गेटजवळच्या मोकळ्या गवताच्या मैदानात नवाच लूप. इंजिनिअरला हा नेहमी आवडतो, कारण काहीच आडवं येत नाही, झाड नाही, उतार नाही. मला स्वतःला सुरुवातीला हाच बरा वाटत होता. पण मैदानाच्या अर्ध्या भागाखाली शॉवर बिल्डिंगच्या सेप्टिकचं ड्रेन फील्ड, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवायची जागा, होतं. ड्रेन फील्डवरून साधी कारसुद्धा नेऊ नये, इथं तर एकेक गाडी २० ते ५० हजार पौंडांची. उरलेल्या अर्ध्या भागात काही जमत नव्हतं.

तिसरा, काहीच बांधू नका, फक्त लांबीची मर्यादा लावा आणि ती पाळा. हा हसण्यावारी न्यायचा पर्याय नव्हता. ए लूपसाठी आम्ही हाच घेतला, ३० फुटांची मर्यादा.

चौथा, बी लूपमध्ये साइट्स कमी करून उरलेल्या मोठ्या करायच्या. इथं बोर्डाचा विरोध सरळ होता, साइट कमी म्हणजे उत्पन्न कमी. एका मेंबरनं तर विचारलं की आम्ही पैसे देऊन साइट्स कमी करून घ्यायच्या का. प्रश्न चुकीचा नव्हता. पण रेकॉर्ड काढून पाहिलं तर बी लूपमधल्या काही आतल्या साइट्स सुट्टीच्या वीकेंडलासुद्धा रिकाम्या राहत होत्या, कारण दोन साइट्स पाठीला पाठ लावून इतक्या चिकटून होत्या की शेजाऱ्याच्या गाडीचा पंखा आपल्या खिडकीत. कागदावर २४ आणि वापरात त्याहून बऱ्याच कमी. त्यात निसर्गानं एक वाईट मदत केली होती. एमराल्ड ॲश बोरर हा किडा, जो अमेरिकेत २००२ साली मिशिगनमध्ये पहिल्यांदा सापडला आणि नंतर सगळीकडे पसरला, त्यानं बी लूपमधली ॲशची झाडं मारून टाकली होती, ती तशीही काढायचीच होती. जागा मोकळी होणार होती. चौथा पर्याय ठरला.

दिशा बदलण्याचा निर्णय

नवीन पॅड कागदावर काढायला बसलो तेव्हा पहिला निर्णय पॅडचा नव्हताच, रस्त्याची दिशा कुठली ठेवायची हा होता.

जुना लूप घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरायचा. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो. उलट्या दिशेनं फिरलात की बाहेरच्या साइट्स तुमच्या उजव्या हाताला येतात, म्हणजे गाडी मागे घेताना मागचा कोपरा उजव्या बाजूला, ड्रायव्हरला न दिसणाऱ्या बाजूला जातो. ४० फूट मागे, उजव्या आरशात जेवढं दिसेल तेवढ्यावर, आणि बायको मागे उभी राहून हात हलवतेय तीही आरशातून बाहेर गेलेली. तेच लूप घड्याळाच्या दिशेनं फिरवला की बाहेरच्या साइट्स डाव्या हाताला येतात, खिडकीतून डोकं बाहेर काढलं की आपला मागचा कोपरा आणि पॅडची कड दोन्ही समोर दिसतात.

एवढ्यावरच थांबत नाही. मोटरहोमचा दरवाजा आणि ऑनिंग, म्हणजे बाहेर उघडणारं कापडी छत, उजव्या अंगाला असतं, आणि वीज, पाणी, ड्रेनची जोडणी डाव्या अंगाला. कोडमध्येही पेडेस्टल उभ्या गाडीच्या डाव्या बाजूला ठेवायला सांगितलंय, बॅक-इन साइटला, म्हणजे जिथं गाडी मागे घेत लावतात तिथं, डाव्या कडेपासून ५ ते ७ फुटांच्या रेषेवर आणि मागच्या टोकापासून पुढे १५ फुटांच्या आत. हे आकडे उगाच आलेले नाहीत, स्लाइड-आउट तीन फूट बाहेर आल्यावरही माणसाला मध्ये उभं राहून खालचा कप्पा उघडता आला पाहिजे.

तर दिशा बदलली. खर्च म्हणाल तर पाट्या, बाण आणि गेटवरच्या नकाशाची नवी प्रिंट. माझ्या मते अख्ख्या प्रोजेक्टमध्ये पैशाच्या मानानं सगळ्यात जास्त फायदा याचा झाला, पण हे पॅडचा कोन ठरवायच्या आधी करावं लागतं, कारण साइट रस्त्याला तिरकी असते आणि ती कुठल्या बाजूला तिरकी हे दिशेवर ठरतं. आधी पॅड बांधून मग दिशा बदलली तर सगळे फाटे उलटे.

स्कूल बसची चाचणी

आतल्या बाजूचा प्लॅन असा होता की पाठीला पाठ लावलेल्या दोन जुन्या साइट्स जोडून एक लांब पुल-थ्रू करायची, एका बाजूनं आत शिरायचं, दुसऱ्या बाजूनं बाहेर. १२ च्या ६ झाल्या असत्या. पुल-थ्रू का हव्या होत्या तर कार. चारही चाकं रस्त्यावर ठेवून मागे ओढलेली कार रिव्हर्समध्ये नेता येत नाही, तिची पुढची चाकं आडवी वळतात आणि टो बारवर ताण येऊन तो वाकतो. बॅक-इन साइट घ्यायची म्हणजे आधी कुठंतरी थांबून कार सोडवायची, आणि अरुंद लूपमध्ये ती सोडवणार कुठं, तर रस्त्यातच, मागे तीन गाड्या थांबवून.

कॉम्प्युटरवर टर्निंगचं सॉफ्टवेअर चालवलं होतं, सगळं बसत होतं, निदान तसं दिसत होतं. तरी पार्कचा जो जुना मेंटेनन्सचा माणूस होता त्यानं आग्रह धरला की खरी गाडी फिरवून बघा. काउंटीच्या शाळेची सपाट तोंडाची ४० फुटी बस सुट्टीत रिकामी उभी होती, ती आणली. बस मोटरहोमपेक्षा अर्धा फूट अरुंद असते, पण मागच्या एक्सलच्या मागे लांब शेपूट लोंबतं ते तिचंही तसंच. त्या माणसानं बसच्या मागच्या डाव्या कोपऱ्याला मैदानावर रेषा मारायच्या पांढऱ्या भुकटीची पिशवी बांधली आणि तळाला खिळ्यानं भोक पाडलं. ड्रायव्हरनं उजवीकडे पूर्ण स्टिअरिंग कापलं, पुढचं तोंड उजवीकडे गेलं, आणि मागचा कोपरा गेला डावीकडे, चाकांचा माग सोडून जवळजवळ तीन फूट बाहेर. जमिनीवर पांढरी कमान उमटली आणि ती कमान ड्रॉइंगमधल्या एका पेडेस्टलच्या खुणेवरून सरळ गेली. जुने पेडेस्टल का वाकत होते हे सगळ्यांना एकदम कळलं. ड्रायव्हर पुढे बघत असतो, त्याला वाटतं आपण खांबापासून लांब चाललोय, आणि लांब चाललोय म्हणूनच शेपूट खांबाकडे येतं.

त्यावरून वळणांच्या बाहेरच्या कडेला कुठलीही उभी वस्तू ठेवायची नाही असं ठरलं, खांब नाही, दगड नाही, पाटीसुद्धा नाही. उंचीसाठी पिकअपवर १४ फुटांचा पीव्हीसी पाइप उभा बांधून लूप फिरवला, जिथं फांदीला लागला तिथं रिबन बांधली, नंतर त्या छाटल्या.

पण त्या दिवशी त्याहून मोठी गोष्ट कळली. तिरक्या पुल-थ्रूमध्ये बस शिरली झोकात. बाहेर पडताना मात्र अडली, कारण लूपची पलीकडची बाजू उलट दिशेनं वाहते. ६० अंशांनी वळून आत शिरलात तर बाहेर पडताना उरलेले १२० अंश वळावे लागतात. सॉफ्टवेअरमध्ये आत शिरणं आणि बाहेर पडणं वेगवेगळं तपासलं होतं, आणि बाहेर पडताना रस्ता दोन्ही दिशांना मोकळा धरला होता.

इथं दोन वाटा होत्या. एक, काटकोनात पुल-थ्रू करून दोन्ही टोकं कर्ण्यासारखी रुंद करायची, पण त्यात खडीचं क्षेत्र इतकं वाढत होतं की आतली सगळी हिरवळ संपली असती. दुसरी, रस्त्याला समांतर पुल-थ्रू, म्हणजे बसस्टॉपला असतो तसा बाजूला काढलेला लांब पट्टा, मध्ये छोटं बेट. घड्याळाच्या दिशेनं जाताना असा पट्टा उजव्या हाताला, आतल्या बाजूला येतो, म्हणजे दरवाजा आणि ऑनिंग हिरवळीकडे उघडतं आणि पेडेस्टल डावीकडे बेटावर बसतो. सगळं जागच्या जागी. फक्त ७५ फुटांचा पट्टा आणि दोन्ही टोकांचे उतरते भाग धरले की रस्त्याची लांबी जास्त खाते, म्हणून ६ च्या ४ च झाल्या.

बोर्डाला पुन्हा जाऊन सांगावं लागलं की २४ च्या १८ किंवा १६ नाही, १४ होणार: बाहेरच्या १० बॅक-इन आणि आतल्या ४ पुल-थ्रू. ती मीटिंग सोपी नव्हती. बसचा व्हिडिओ दाखवला, बाहेर पडताना बस पुढे-मागे करत अडकलेली, त्याच्यापुढे मग वाद फार चालला नाही.

काय बांधलं

बाहेरचे पॅड १४ फूट रुंद, ६० फूट लांब. खाली जिओटेक्स्टाइल कापड, वर चुरीसकट खडी, थराथरानं रोलर फिरवून. नुसती गोल खडी टाकली तर लेव्हलिंग जॅक, म्हणजे गाडी समतल करायचे पाय, त्यात रुततात. लांबीत उतार एक टक्क्याच्या आत ठेवायचा असं ठरवलं आणि ते कॉन्ट्रॅक्टरला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं, कारण रस्त्याच्या कामात दोन टक्के म्हणजे सपाटच समजतात. मोटरहोमला तसं नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २५ फूट धरलं तर दोन टक्क्यांत सहा इंचांचा फरक पडतो, तो जॅकनं भरून काढायचा आणि मागची चाकं उचलली गेली तर पार्किंग ब्रेक धरतो तो मागच्याच चाकांना, मग गाडी नुसती जॅकवर उभी. धोक्याचं आहे ते.

दोन झाडांपाशी पॅड ६० भरत नव्हता. झाडं चांगली होती, ओक. तिथं ओंडका ५० फुटांवर ठेवला आणि त्याच्या मागे दहा फूट फक्त गवत, काहीही उभं नाही. चाकं ओंडक्याला टेकली की शेपूट गवतावर लोंबतं, गाडी बसते आणि मुळांवर वजन येत नाही.

विजेला १४ साइट्स गुणिले १२,०००, ४८ टक्के, भागिले २४०, म्हणजे ३३६ अँप. ४०० ची सर्व्हिस कोडप्रमाणे पुरली असती. काउंटीच्या इलेक्ट्रिशियननं ६०० ची मागितली आणि आम्ही त्याच्या बाजूनं उभे राहिलो, कारण कोडमधले टक्के किमान आहेत आणि फार गरम-थंड हवेत ते कमी पडू शकतात असं तिथंच म्हटलंय. जुलैच्या शनिवारी १४ पैकी १४ जण एसी लावतात, तिथं ४८ टक्के कुठून येणार? प्रत्येक पेडेस्टलवर ५०, ३० आणि २० अशी तिन्ही सॉकेट दिली. ५० ची गाडी नसलेल्याला ॲडॅप्टर लावून खटपट करायला लागू नये.

ड्रेनची जोडणी फक्त ४ पुल-थ्रूंना. सगळ्यांना द्या अशी मागणी होती, पण सेप्टिक त्याला पुरणार नव्हतं. मोटरहोमच्या टाकीतलं पाणी घरच्यासारखं नसतं, कमी पाण्यात जास्त घट्ट आणि त्यात वास दाबायची केमिकल्स, जी सेप्टिकमधल्या बॅक्टेरियांना चांगली नाहीत. बाकीच्या दहांसाठी डंप स्टेशन, म्हणजे टाकी रिकामी करायची जागा, तसंच ठेवलं, फक्त त्याचा प्रवेश वळवून बाहेर जायच्या रस्त्यावर घेतला.

काय निघालं

पहिल्या पूर्ण सीझनमध्ये बी लूपमध्ये एकही पेडेस्टल वाकला नाही. शेवटच्या पेडेस्टलवर गरम शनिवारी ११७ व्होल्ट मिळाले. पुल-थ्रू सगळ्यात आधी भरतात, त्यांचा दर जास्त ठेवलाय तरीही, आणि बाहेरच्या साइट्स आठवड्याच्या मधल्या दिवशीही जायला लागल्या. १४ साइट्सनी २४ च्या बरोबरीचं उत्पन्न दिलं का, तर पहिल्या वर्षी थोडं कमी, पण बोर्डाला वाटत होतं तेवढं नाही.

त्रासही झाले. ड्रेनचे पाइप चारही पुल-थ्रूंना मागच्या टोकाकडे दिले होते, फिफ्थ व्हील, म्हणजे पिकअपच्या हौद्यात जोडायच्या मोठ्या ट्रेलरच्या सवयीनं. डिझेल पुशर, म्हणजे मागे डिझेल इंजिन असलेल्या मोटरहोमला जोडणीचा कप्पा मागच्या एक्सलच्या पुढे, साधारण मध्याकडे असतो. मग लोक गाडी मागे-पुढे सरकवत बसतात किंवा दोन होस जोडतात. त्यातल्या एका साइटला पाइपचं तोंड पॅडपेक्षा वर राहिलं होतं, होस चढावर, म्हणजे काही वाहतच नव्हतं, ते कापून खाली घेतलं. मध्यावर दुसरं तोंड बांधताना दिलं असतं तर किरकोळ खर्च होता, आता बेट खणावं लागेल.

तंबूवाल्यांना आम्ही उशिरा विचारलं. बी लूपमधले नेहमीचे छोट्या गाड्यांचे लोक ए लूपकडे वळले आणि तिथं गर्दी झाली, त्यांचा राग रास्त आहे. ड्रॉइंग काढायच्या आधी त्यांच्यासोबत एक बैठक झाली असती तर ए लूपमधल्या टेबल-शेकोटीच्या जागांचं काम याच बजेटमध्ये बसवता आलं असतं.

आणि गेट. आत सगळं मोठं केलं पण चेक-इनची खिडकी तशीच राहिली, समोर एका गाडीपुरती जागा. शुक्रवारी दुपारी दोन मोटरहोम एकदम आल्या की दुसरीची शेपटी हायवेवर राहते. सध्या एक जण वॉकी-टॉकी घेऊन बाहेर उभा असतो आणि ज्यांचं बुकिंग आधीच झालंय त्यांना न थांबवता सरळ साइटवर पाठवतो, कागदपत्रं नंतर गोल्फ कार्टमधून. रिझर्व्हेशनच्या फॉर्ममध्ये आता गाडीची लांबी आणि मागच्या कारसकट एकूण लांबी असे दोन वेगळे रकाने आहेत, त्यावरून शुक्रवारी सकाळीच कळतं की ६० फुटांचे किती येणारेत. गेटच्या अलीकडे थांबायची लेन पुढच्या बजेटमध्ये मागितली आहे, आणि तिची मापं घ्यायला तीच स्कूल बस पुन्हा सांगून ठेवली आहे.